विचारले तेवढेच

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीत ई-कचरा गोळा करण्याची मोहीम होती. पार्किंगमध्ये टेबल मांडून कॉलेजची काही मुले बसली होती आणि आलेली प्रत्येक वस्तू उलटसुलट पाहून वहीत नोंदवत होती. मी नेलेल्या पिशवीत गुंता झालेल्या वायरी, बंद पडलेला राउटर, कुठल्या फोनचे ते आता सांगता येणार नाही असे चार्जर आणि सगळ्यांत खाली माझे पाम सेव्हन नावाचे तळहातात मावणारे यंत्र होते. एका मुलाने ते हातात घेतले. उजव्या कडेला अंगालगत दुमडून बसवलेला एरियल त्याच्या नखाला लागला, त्याने तो उघडून सरळ उभा केला आणि विचारले, “काकू, हा जुना फोन आहे का?” मी म्हणाले, “नाही, यावर बोलता येत नव्हतं. इंटरनेट होतं.” त्याने त्या करड्या-हिरव्या चौकोनाकडे पाहिले. “एवढ्याशा स्क्रीनवर? मग काय दिसायचं त्यात?” मी सहज उत्तर दिले, “विचारलं तेवढंच.” तो हसला, वहीतल्या ‘इतर’ या रकान्यात एक रेघ वाढवली आणि ते यंत्र शेजारच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले.

सहज दिलेले ते उत्तर मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना. काही तरी बोलायचे म्हणून मी ते बोलले होते, पण जिना चढता चढता जाणवले की त्या यंत्राविषयी याहून खरे काही मला सांगता आले नसते. इंटरनेट खिशात आले तेव्हा ते आपण होऊन काहीच सांगत नव्हते. माणसाने आधी प्रश्न मनाशी पक्का करायचा, मग एरियल उभा करायचा, मग विचारायचे आणि आलेले उत्तर वाचून एरियल मिटायचा. हा क्रम मी काही वर्षे रोज पाळला आणि तो मोडल्याचे मला कळलेसुद्धा नाही.

1999 साली मी न्यू जर्सीत होते. 2000 साल लागताच संगणकांत तारखांचा घोळ होईल अशी धास्ती घेऊन कोबोल या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्राम तपासणाऱ्या असंख्य मराठी मुलामुलींपैकी मी एक. शनिवारी एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी आणि कॅसेटी घ्यायच्या, रविवारी फोनकार्डावरचे आकडे दाबून घरी बोलायचे आणि सोमवारी पुन्हा एका विमा कंपनीच्या तळघरातल्या प्रकाशात बसायचे, असे ते आयुष्य होते. पाम सेव्हन त्या वर्षी मे महिन्यात आधी फक्त न्यूयॉर्क आणि त्याच्या आसपासच्या भागात विक्रीला आले, बाकीच्या अमेरिकेला ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. त्यामुळे आम्हां न्यू जर्सीकरांना ते फार लवकर पाहायला मिळाले. किंमत 599 डॉलर होती, म्हणजे माझ्या खोलीच्या भाड्याहून जास्त, आणि त्यावर दर महिन्याचे शुल्क वेगळे. आमच्या मॅनेजर बाईंनी ते बैठकीच्या टेबलावर ठेवले तेव्हा आम्ही सगळे उठून त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिलो होतो.

पाम म्हणजे पत्ते, भेटी आणि कामांची यादी ठेवणारी खिशातली डायरी, आणि तोवर ती कोणाला नवी राहिली नव्हती. 1996 च्या पहिल्या पायलटपासून शर्टाच्या खिशात ते बाळगणारी माणसे जिकडेतिकडे दिसत. पामचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्याआधी त्या आकाराचा लाकडी ठोकळा कापून घेतला होता, तो खिशात घालून ते वावरत आणि कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळ्यावरच लिहून घेतल्यासारखे करून पाहत, ही गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ होती. यंत्रात काय असावे यापेक्षा माणूस ते कधी आणि कशासाठी बाहेर काढेल याचा विचार त्या ठोकळ्यात होता. स्वतः हॉकिन्स आणि त्यांच्या सहकारी डॉना डुबिन्स्की 1998 मध्येच पाम सोडून नवी कंपनी काढायला निघून गेले होते, तरी पाम सेव्हन पाहताना त्या ठोकळ्याची शिस्त जाणवत होती.

एरियल उभा केला की यंत्र आपोआप चालू होई आणि थेट इंटरनेटच्या चिन्हांच्या पानावर येई. वेगळे बटण दाबावे लागत नसे. चिन्हे थोडीच असत: हवामान, बातम्या, शेअरचे भाव, विमानाच्या वेळा, सिनेमाचे खेळ, नकाशावरून रस्ता, जवळचे एटीएम. आतली योजना मला आजही सुंदर वाटते. प्रत्येक सेवेचा कोरा फॉर्म, तिची चित्रे, तिचे मथळे हे सगळे आधीच यंत्रात साठवलेले असे. तुम्ही शहराचे नाव लिहायचे; हवेतून जायचे ते फक्त शहराचे नाव आणि हवेतून यायचे ते फक्त तपमान आणि पावसाचा अंदाज. संकेतस्थळाचे पान अख्खे आणायचेच नाही, त्यातले हवे तेवढे कात्रण आणायचे, म्हणून या पद्धतीला वेब क्लिपिंग म्हणत. मधे थ्रीकॉम या पामच्या तेव्हाच्या मालक कंपनीचा सर्व्हर बसलेला असे. तो खरे पान उघडी, त्यातले अनावश्यक ते गाळी, उरलेले आणखी दाबून लहान करी आणि यंत्राकडे पाठवी. एवढे होऊन उत्तर यायला दहाएक सेकंद लागत. त्या सेकंदांत आम्ही यंत्र किंचित खिडकीकडे कलते धरून गप्प उभे असायचो.

काही दुव्यांच्या शेजारी रेडिओलहरींचे एक इवलेसे चिन्ह असे. ते चिन्ह असलेल्या दुव्यावर टोचले तर प्रश्न यंत्राबाहेर जाणार आणि पैसे पडणार. चिन्ह नसेल तर पुढचे पान यंत्रातच आहे, खुशाल टोचा. माहिती गुप्त राखून पाठवली जाणार असेल तर त्याच्या जोडीला किल्लीचे चित्र येई. 160 बाय 160 ठिपक्यांच्या, रंग नसलेल्या पडद्यावर जागेची एवढी टंचाई असताना कोणीतरी ती दोन चिन्हे हट्टाने बसवली होती. बोट टेकवण्याआधी माणसाला कळले पाहिजे की आता काय घडणार आहे, असे त्या कोणाला तरी वाटले होते.

पैशांचा हिशेब कडक होता. सुरुवातीच्या योजनेत महिन्याला 9.99 डॉलर भरले की 50 किलोबाइट मिळत, म्हणजे कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे दीडशे पडदे, 24.99 डॉलर भरले तर 150 किलोबाइट. आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोबाइटला 30 सेंट. आज एखाद्या वर्तमानपत्राचे मुखपृष्ठ फोनवर उघडले तर दोन मेगाबाइट सहज खाली येतात. त्या दराने ते एक पान सहाशे डॉलरच्या वर गेले असते, म्हणजे यंत्राच्याच किमतीत. आणि ते यंत्रात मावलेही नसते, कारण पाम सेव्हनची सगळी स्मृती मिळून दोन मेगाबाइट होती. त्यातच माझे पत्ते, माझी कामांची यादी आणि सगळ्या सेवांचे फॉर्म नांदत होते.

त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर फ्लॉइड वादळाचा पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. रॅरिटन नदी फुगली आणि बाउंड ब्रुक गावात पाणी शिरले. आमच्या विमा कंपनीचे पाहणी करणारे लोक पुढचे कित्येक आठवडे चिखलात फिरत होते. त्यांच्याजवळ पॉलिसीधारकांच्या छापील याद्यांचे गठ्ठे असत, जे ओले होत, जुने होत आणि नेमके हवे ते पान त्यांत नसे. तळघरात घोट्यापर्यंत चिखल, भिंतीवर पाण्याची रेघ, दारात उभे असलेले घरमालक, आणि कार्यालयात फोन लावावा तर तो सतत गुंतलेला. त्यातून एक छोटे काम निघाले: पॉलिसी क्रमांक टाकला की तिची स्थिती सांगणारी सेवा पाम सेव्हनवर बसवायची. माझ्याकडे कोबोलमधून थोडा वेळ मोकळा होता, म्हणून ते काम मला मिळाले. व्यावसायिक आयुष्यात मी नंतर पुष्कळ मोठी कामे केली. शिकायला मात्र त्या कामात सर्वांत जास्त मिळाले.

कंपनीच्या आतल्या संकेतस्थळावर पॉलिसीचे पान होतेच. ते वीस-बावीस किलोबाइटचे होते: कोष्टकाच्या पोटात कोष्टक, प्रत्येक शब्दाला अक्षराचा रंग आणि आकार सांगणारी खूण, डोक्यावर कंपनीचे बोधचिन्ह, पायाशी कायद्याचा मजकूर. पामच्या मार्गदर्शिकेत सल्ला होता की उत्तर काहीशे बाइटांत बसवावे. पानाच्या माथ्यावर ‘हे पान पामसाठीच लिहिले आहे’ असे सांगणारी एक ठरावीक ओळ घालावी लागे. ती नसेल तर मधला सर्व्हर सुरुवातीचे 1,024 बाइट ठेवून पुढचे सरळ कापून टाकी. मी रंग काढले, कोष्टके काढली, बोधचिन्ह यंत्रातल्या फॉर्ममध्ये हलवले. तरी मजकूर उरलाच. मग पाहणी करणाऱ्यांपैकी एका वयस्क गृहस्थांना मी माझ्या शेजारी बसवले आणि विचारले की दारात उभे राहिल्यावर तुम्हांला सगळ्यांत आधी काय कळायला हवे. ते थोडा वेळ पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले की ही पॉलिसी आज चालू आहे की नाही, एवढे कळले की माझा चेहरा कसा ठेवायचा ते मला ठरवता येते.

हे वाक्य ऐकून मी पानाची सगळी मांडणी बदलली. पहिल्या ओळीत एकच शब्द, चालू किंवा बंद. दुसऱ्या ओळीत कोणत्या तारखेपर्यंत. तिसऱ्या ओळीत नुकसानीतला किती भाग घरमालकाने सोसायचा ती रक्कम. चौथ्या ओळीत नाव आणि घरक्रमांक, म्हणजे दारात उभा असलेला माणूस तोच आहे याची खात्री. आधीच्या पानावर या चार गोष्टी चाळीसेक गोष्टींत विखुरलेल्या होत्या आणि ‘चालू’ हा शब्द तर शेवटाकडे, उजव्या कोपऱ्यात होता. नवे पान तीनशे-साडेतीनशे बाइटांत बसले. ते गृहस्थ पहिल्यांदा यंत्र घेऊन पार्किंगमध्ये गेले, एरियल उभा केला, क्रमांक लिहिला आणि उत्तर आल्यावर काचेतून माझ्याकडे पाहून त्यांनी अंगठा वर केला. मला त्या क्षणी झालेला आनंद अजून अंगात आहे.

काटकसर सक्तीची होती, हे मला मान्य आहे. मोबिटेक्स नावाच्या ज्या नेटवर्कवरून हे सगळे चाले ते स्वीडनमध्ये घडलेले आणि 1986 मध्ये तिथे सुरू झालेले होते. त्याचा वेग सेकंदाला आठ किलोबिट. अमेरिकेत ते बेलसाउथ कंपनी चालवी. सर्वांत लांबचा पल्ला गाठायला रेडिओला क्षणभर जी ताकद लागे ती रिमोटमध्ये घालतो तसल्या दोन छोट्या सेलांना पेलत नसे, म्हणून यंत्राच्या पोटात आणखी एक निकेल-कॅडमियमची बॅटरी होती आणि ते दोन सेल तिला हळूहळू भरत राहत. नवे सेल घातल्यावर, विशेषतः यंत्र बरेच दिवस पडून राहिले असेल तर, ही आतली बॅटरी भरेपर्यंत थांबावे लागे. सेल संपत आले की आधी इंटरनेट जाई, मग डायरी. वेग नाही, ताकद नाही, जागा नाही, पैसे मोजून. कोणी तपस्वी म्हणून थोडक्यात बोलत नव्हते. तरीही टंचाईतून प्रत्येक वेळी शहाणपण निपजतेच असे नाही. त्याच वर्षांत फोनवर इंटरनेट आणण्याचे इतर प्रयोग मी वापरून पाहिले, त्यांत याच टंचाईत माणसाला एका यादीतून दुसऱ्या यादीत आणि तिथून तिसरीत नुसते फिरवत ठेवले जाई. पाम सेव्हनने टंचाईतून प्रश्नाला मान दिला, ही निवड कोणीतरी विचाराने केली होती.

माझे स्वतःचे पाम सेव्हन मी घेतले ते किंमत उतरल्यावर. त्यावर ईमेलही होता. संदेशाचा सुरुवातीचा थोडा भाग आधी येई आणि पुढचा हवा असेल तर पुन्हा मागावा लागे. सोलापूरला माझा भाऊ सायबर कॅफेत जाऊन मेल लिहायचा. देवनागरी त्या यंत्राला येत नव्हती, पडद्यावर अक्षरे लिहिण्याच्या ग्रॅफिटी नावाच्या खुणांतही ती नव्हती, तेव्हा सगळे रोमन अक्षरांतले मराठी. मी त्याला सांगून ठेवले होते की जे महत्त्वाचे ते पहिल्या ओळीत लिही. आमच्या घरी तार येण्याच्या दिवसांत शब्द मोजून लिहायची सवय सगळ्यांना होती, त्यामुळे हे त्याला समजावून सांगावे लागले नाही. “आई बरी. बाबांचा चष्मा झाला. सविस्तर खाली.” अशी त्याची पत्रे सुरू होत. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून तेवढीच ओळ वाचायची आणि ‘सविस्तर’ संध्याकाळी खोलीवरच्या संगणकावर, चहा करून घेऊन, सावकाश. त्या एका ओळीने दुपार निर्धास्त जाई.

सगळे चांगलेच होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल, आणि या यंत्राविषयी मला खोटे बोलायचे नाही. आपला प्रत्येक प्रश्न एकाच कंपनीच्या एकाच सर्व्हरमधून जात होता. यंत्रापासून त्या सर्व्हरपर्यंतचा टप्पा गुप्त लिपीत असे, सर्व्हरपासून पुढे बँकेपर्यंतचाही गुप्त असे, पण मधल्या त्या जागी एक लिपी उलगडून दुसरीत बांधावी लागे. आमच्या विमा कंपनीच्या सुरक्षा विभागाने याच मुद्द्यावर दीर्घ पत्रव्यवहार केला आणि मला तो रास्त वाटला होता. दुसरी गोष्ट मला फॉर्म लिहिताना सापडली. फॉर्ममध्ये एक विशिष्ट शब्द लिहून ठेवला की पाठवताना त्या जागी तुमच्या जवळच्या मनोऱ्याचा पिनकोड भरला जाई. म्हणजे ‘जवळचे एटीएम’ विचारणाऱ्याला आपण कुठे आहोत ते लिहावे लागू नये, अशी ती सोय. त्या वेळी मी ती कौतुकाने सगळ्यांना दाखवली. आज त्याच सोयीच्या वंशजांकडे पाहताना मनात जे येते ते कौतुक नाही, हे खरे. पण त्या वेळचे कौतुकही खोटे नव्हते. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याच जवळचे उत्तर मिळत होते.

आणि ते सगळ्यांसाठी नव्हते. मॅनेजरांसाठी होते, शेअर दलालांसाठी होते, विमानाने हिंडणाऱ्यांसाठी होते. 2 मार्च 2000 रोजी पामचा शेअर बाजारात आला, 38 डॉलरला विकलेला तो शेअर दिवसाअखेर 95 डॉलरच्या आसपास बंद झाला. त्या दिवशी आमच्या मजल्यावर ज्यांच्याकडे हे यंत्र होते ते सगळे खिडकीशी उभे राहून, एरियल वर करून, त्या यंत्राच्याच कंपनीचा भाव त्या यंत्रावर विचारत होते. दोन भाव विचारण्यांमधले अंतर दुपारनंतर कमी कमी होत गेले ते मी पाहिले. पुढे 44.99 डॉलरची अमर्याद योजना निघाली. मग मॅनेजर बाई लिफ्टमध्येही एरियल उभा करू लागल्या.

पण खरा फाटा वेगळ्या ठिकाणी फुटला होता, आणि तोही 1999 मध्येच. त्या वर्षी कॅनडातल्या रिसर्च इन मोशन कंपनीने ब्लॅकबेरी सेवा सुरू केली. तिचे आरआयएम 950 हे पेजरएवढे यंत्र अमेरिकेत बेलसाउथच्याच मोबिटेक्सवर चाले. नेटवर्क तेच, मनोरे तेच, वेग तोच. फरक इतकाच की पाम सेव्हनचा रेडिओ तुम्ही एरियल उभा केल्याशिवाय जागा होत नसे आणि ब्लॅकबेरीचा रेडिओ कायम ऐकत बसलेला असे. पाममध्ये मेल पाहायला तुम्ही जायचे. ब्लॅकबेरीत मेल तुमच्याकडे येई, कमरेला थरथरून कळवी. आमच्या कार्यालयात दोन्ही यंत्रे होती आणि ती बाळगणारी माणसे वेगवेगळी वागत. पामवाला बैठक संपल्यावर बाहेर जाऊन एरियल उघडी. ब्लॅकबेरीवाल्याची मान बैठकीत मधेच खाली जाई, बोलणारा क्षणभर थांबे आणि मग पुढे बोले. हे दृश्य तेव्हा इतके नवे होते की सगळ्यांच्या लक्षात येई.

त्या वेळी माझे मत विचारले असते तर मी पामच्या बाजूने बोलले असते, आणि हरले असते. कारण 11 सप्टेंबर 2001 ला मी न्यू जर्सीतच होते. आवाजी फोन लागत नव्हते. नदीपलीकडे कामाला गेलेल्या माणसांच्या घरचे लोक दिवसभर तोच तोच क्रमांक फिरवत होते. त्या दिवशी मॅनहॅटनमधल्या कितीतरी लोकांचे निरोप ब्लॅकबेरीवरून पोचले, कारण छोट्या पुडक्यांत माहिती नेणाऱ्या या नेटवर्कवर आवाजी संभाषणांची गर्दी नव्हती. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंच्या कमरेचे यंत्र थरथरले आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मुलगा सुखरूप होता. आपण होऊन आलेल्या निरोपाची किंमत मी त्या दिवशी पाहिली आहे. त्यामुळे ‘विचारले तेवढेच’ हा नियम सगळीकडे लावावा असे मी कधी म्हणणार नाही.

मला खुपते ते याच्या पुढचे. आपण होऊन यायचा मान आधी मुलाच्या निरोपाला होता, नंतर साहेबांच्या मेलला मिळाला, नंतर सवलतीच्या जाहिरातीला, आणि आता कोणालाही न विचारता कोणीही येते. दुसऱ्या बाजूला, आपण स्वतः प्रश्न घेऊन गेलो तरी उत्तर शेवटी, उजव्या कोपऱ्यात असते. परवा सोलापूरला पाऊस आहे का ते पाहायला मी फोन उघडला. आधी कुकीजची परवानगी, मग त्याच कंपनीचे ॲप घ्या म्हणून सूचना, मग चालणारे चित्र, मग ‘या पाच चुका पावसाळ्यात टाळा’, आणि त्याखाली पाऊस. माझ्या वयस्क विमा सर्वेक्षकांनी हे पान पाहिले असते तर त्यांना चेहरा कसा ठेवायचा ते कळले नसते. वेग वाढल्याने हे झाले असे कोणी म्हणतात. मला ते पटत नाही. वेग वाढल्याने फक्त ते शक्य झाले. पान लिहिणाऱ्याने विचारणाऱ्याला शेजारी बसवणे सोडून दिले, म्हणून ते झाले.

पामने ही सेवा 31 ऑगस्ट 2004 रोजी बंद केली. मी तोवर पुण्याला परतले होते, आणि अमेरिकेबाहेर ते यंत्र तसेही केवळ डायरी होते. मोबिटेक्सचे मनोरे इथे नव्हते, एरियल उभा करून काही उपयोग नव्हता. डायरी म्हणून मी ते आणखी काही वर्षे वापरले. त्यातले फॉर्म तसेच राहिले होते. हवामानाचे चिन्ह उघडले की शहराच्या नावासाठी कोरी जागा येई, त्याशेजारी लहरींचे ते चिन्हही असे. उत्तर देणारे कोणी उरले नव्हते तरी प्रश्न कसा विचारायचा ते यंत्राला अजून नीट माहीत होते.

या पद्धतीचे काही अवशेष आपल्याकडे जिवंत आहेत आणि त्यांच्याकडे कोणी आदराने पाहत नाही, याचे मला वाईट वाटते. रेल्वेच्या 139 क्रमांकाला पीएनआर लिहून एसएमएस पाठवला की एका संदेशात डबा, आसन आणि स्थिती येते. त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही, डेटा लागत नाही. दौंडच्या फलाटावर मी हे करते तेव्हा माझा भाचा मला ॲप दाखवतो. ॲप चांगले आहे. त्यात गाडी नकाशावर सरकताना दिसते आणि भाच्याला ते पाहायला आवडते, त्यात गैर काही नाही. पण आसन खिडकीचे आहे का हे मला आधी कळते.

सध्या मी ज्या टीमबरोबर काम करते तीत सगळी मुले माझ्या निम्म्या वयाची आहेत. ग्रामीण भागातल्या पतसंस्थांसाठी आम्ही एक सेवा बांधत आहोत. पहिल्या पडद्याच्या चर्चेत मी दोन गोष्टी मागितल्या. एक, शाखेत येणाऱ्या एखाद्या खातेदार बाईंना बोलावून शेजारी बसवा आणि त्यांना आधी काय कळायला हवे ते विचारा. ती त्यांनी लगेच मान्य केली. दुसरी, ज्या बटणावर बोट टेकवल्याने त्या बाईंची काही माहिती फोनबाहेर जाणार आहे त्या प्रत्येक बटणाशेजारी एक छोटेसे चिन्ह ठेवा, आणि ज्याने जाणार नाही तिथे ठेवू नका. यावर बराच वेळ बोलणे झाले. एकाने विचारले की मग जवळजवळ प्रत्येक बटणाशेजारी ते येईल, पडदा भरून जाईल, चालेल का. मी म्हणाले की चालेल, आणि तो भरलेला पडदा आधी मला दाखवा. त्यानंतर त्यांतली कोणती बटणे खरोखर हवीत ते आपण बसून ठरवू. तो पडदा येत्या सोमवारी येणार आहे.